निळ्या वर्षाचा अल्बम

मागच्या सुट्टीत तुम्ही दोघं इथे आला होतात, तेव्हा धाकट्याने माझ्या कपाटातला तपकिरी पुठ्ठ्याचा अल्बम काढून मांडीवर घेतला होता. चार पानं उलटून तो म्हणाला, "आजी, हे फोटो बिघडलेत. झाडं निळी, आगगाडी निळी, तू पण निळी. मी कॉम्प्युटरवर सगळे नीट करून देतो." मी एकदम "नको" म्हणाले आणि अल्बम काढून घेतला. तो हिरमुसला. तुमची आई म्हणाली, "राहू दे रे, आजीच्या वस्तूंना हात लावलेला तिला खपत नाही."

ते खरंच आहे, पण त्या दिवशीचं कारण ते नव्हतं. कारण सांगायला एक अख्खी दुपार लागली असती आणि तुमच्या बॅगा भरायच्या राहिल्या होत्या. म्हणून आता लिहून पाठवते. मराठीत लिहिते आहे. अडलं तर आईला विचारा.

ही गोष्ट नव्वदीच्या दशकातली. तुमची आई तेव्हा हॉस्टेलवर राहून शिकत होती आणि सुरतेत आम्ही दोघंच होतो. आम्ही मूळचे अमरावतीकडचे. लग्नानंतर तुमचे आजोबा कापडाच्या धंद्यात इथे आले, म्हणून मीही आले आणि एका शाळेत इंग्रजी शिकवू लागले. शहराबाहेर पलसाण्याकडे जाताना हायवेलगत कापड रंगवण्याचे कारखाने आहेत. त्यांपैकी एकात आजोबा कलर मास्टर होते.

कलर मास्टर म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक नसणार. व्यापारी कापडाचा हाताएवढा तुकडा आणून देतो आणि म्हणतो, मला साड्यांचा सगळा माल अस्सा याच रंगाचा हवा. त्या तुकड्याला शेड म्हणतात. मग कारखान्यात रंग कालवायचे, थोडं कापड रंगवून बघायचं आणि ते शेडशी जुळलं की नाही ते ठरवायचं. हे ठरवणारा मास्टर. आजोबा दोन्ही तुकडे घेऊन दाराशी जात, कारण ट्यूबलाइटच्या उजेडावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. दाराशी उभं राहून एक तुकडा दुसऱ्यावर ठेवायचा, जरा तिरपा धरायचा आणि म्हणायचं "पास" किंवा "फेल". दुसरा शब्द नाही. त्या एका शब्दावर मोठमोठाल्या मशिनी चालू व्हायच्या.

असा माणूस घरात असला की काय होतं ते मी सांगते. भाजी घेताना वांगी नाकारली जातात, कारण "रंग मेलाय". बायकोने आणलेली साडी दाराशी नेऊन तपासली जाते. मी एकदा हौसेने राणी रंगाची साडी आणली, तर म्हणाले, "याला राणी म्हणतेस? हा गाजराचा हलवा आहे. तुझ्या डोळ्यांना फक्त व्याकरणाच्या चुका दिसतात." मी रागावले खरी, पण साडी बदलून आणली. रंगाच्या बाबतीत आमच्या घरात मी कधीच वाद घातला नाही. त्यांचा डोळा तो डोळा.

कॅमेरा माझ्या भावाने आखातातून आणलेला होता. त्याने दोघांना मिळून दिला होता, पण फोटो आजोबाच काढायचे. माणसांचे फोटो काढायचा त्यांना कंटाळा. "माणसं कॅमेरा बघून तोंड वाकडं करतात," म्हणायचे. त्यांना आवडायच्या आगगाड्या, पाखरं, बागा आणि जुनी नाटकगृहं. रविवार आला की पाठीवर पिशवी, पिशवीत माझ्या हातच्या पोळ्या आणि बटाट्याची भाजी, आणि आम्ही निघालो. तुमची आई आम्हाला म्हणायची, "लोक फिरायला जाऊन एकमेकांचे फोटो काढतात. तुम्ही सिग्नलचे काढता."

सगळ्यात लाडकी गाडी भुसावळची पॅसेंजर. गावाकडे जाणारी गाडी तीच, त्यामुळे तिच्यात बसलं की निम्मं गावाला पोचल्यासारखं वाटायचं. लिंबायतमधल्या यंत्रमागांवर काम करणारी खानदेशी कुटुंबं सामानासकट चढलेली असायची. कुणाच्या मांडीवर मूल, कुणाच्या मांडीवर टेबलफॅन. बारडोलीपर्यंत दोन्ही बाजूंना ऊस. त्या उसातून एकदा सकाळी मोर चालत बाहेर आला होता. गाडी सिग्नलला थांबली होती म्हणून फोटो मिळाला. अल्बममधला शाईत बुडवून काढल्यासारखा मोर तोच.

आणि तारांवर बसलेला नीलपंख. रुळांच्या कडेच्या तारांवर तो नेमाने दिसतो. बसलेला असला की अगदीच मातकट, कुणी वळूनही बघणार नाही. उडाला की पंख उघडतात आणि आत असा निळा असतो की बघणाऱ्याच्या तोंडून आवाज निघतो. आजोबांना तो उडतानाचा हवा होता. पूर्वी ब्लॅक अँड व्हाइटच्या दिवसांत त्यांना त्याचा फोटो काढावासाच वाटला नव्हता. "काहून काढू? निळा नाही तर नीलपंख कसला?" चिडले किंवा खूष झाले की त्यांचं वऱ्हाडी बाहेर यायचं.

त्या वर्षीच्या हिवाळ्यात, नवापूरच्या अलीकडे, त्यांना तो मिळाला. गाडी रेंगाळत होती, नीलपंख तारेवरून सुटला आणि कॅमेऱ्याचा खटका वाजला. आजोबा डब्याच्या दारात उभे होते. आत येऊन बसले, तेव्हा शेजारच्या म्हातारीने विचारलं, "काय दिसनं हो भाऊ?" ते म्हणाले, "सापडला, मावशी." म्हातारीला वाटलं काही हरवलं होतं. तिने देवाला हात जोडले.

रोल संपल्यावर नानपुऱ्यातल्या लॅबमध्ये दिला. लॅबचा मालक सुरती, हसतमुख, पान खाऊन लाल झालेल्या ओठांचा. फोटो आले, आजोबा ते घेऊन दुकानाच्या पायरीवर उजेडात गेले आणि परत येऊन पाकीट काउंटरवर ठेवलं.

"फेल," ते म्हणाले.

"शुं थयुं, साहेब?"

"निळाच नाही यात. पाखरू धुळीत लोळून आल्यासारखं दिसतंय. तुमचं मशीन पिवळं मारतंय."

मालकाने फोटो बघितले, मशीन बघितलं. मीही बघितले. मला पंख चांगले निळे दिसत होते. पण मी कोण? गाजराचा हलवा नेसणारी बाई. मालकालाही तसंच वाटलं असणार, कारण तो म्हणाला, "साहेब तो कलर मास्टर. तमारी आंख सामे मारी आंख शुं?" तुमच्या डोळ्यापुढे माझा डोळा काय, असं म्हणून त्याने निळा वाढवून पुन्हा प्रिंट काढले.

त्यानंतर प्रत्येक रोलला हेच होऊ लागलं. बिलिमोऱ्याहून वघईला डांगच्या जंगलातून एक छोटी गाडी जाते. तिच्या रुळांमधलं अंतर इतकं कमी की गाडी जणू खेळण्यातली वाटते. तिचे फोटो फेल. वघईच्या वनस्पती उद्यानातल्या बांबूंचे फोटो फेल. तापीकाठच्या चौपाटीच्या बागेत कारंज्याशी आजोबांनी माझा एकुलता एक फोटो काढला, तोही फेल. मालक बिचारा दर वेळी निळा वाढवायचा आणि पाकीट पुढे करायचा, "आ जुओ साहेब, हवे?" म्हणजे हे बघा, आता? आजोबा पायरीवर जाऊन यायचे. "थोडा अजून." पुढे पुढे तर तो न विचारताच पहिल्यापासून वाढवून ठेवू लागला. घरी अल्बममध्ये फोटो लावताना मी बघायची. माझं तोंड निळं, बांबू निळे. मनात म्हणायची, आपल्याला रंगातलं कळत नाही हेच खरं.

आता वाटतं, आम्ही तिघं त्या काउंटरशी उभे होतो आणि तिघांपैकी दोघांना बरोबर दिसत होतं. पण आम्ही दोघं त्यांच्या डोळ्यांनी बघायला इतके सरावलो होतो की स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं सुचलंच नाही.

कारखान्यातही तेव्हा काहीतरी बिघडलं होतं. संध्याकाळी आजोबा गप्प येत. कधी म्हणत, रंगाच्या पावडरीत भेसळ आहे. कधी म्हणत, पाणी बदललंय. चिंतामणी रंगाच्या साड्यांचा एक मोठा माल व्यापाऱ्याने परत पाठवला होता. चिंतामणी म्हणजे तो गडद, भरदार निळा; पैठणीत बघितला असेल तुम्ही. व्यापाऱ्याचं म्हणणं, शेडला हा रंग जुळत नाही, हा काळवंडलाय. आजोबांनी तर तो दाराशी उभं राहून पास केला होता. मग चूक मशीनवाल्याची. तो मशीनवाला लिंबायतचा, धुळ्याकडून आलेला शांत माणूस, अनेक वर्षं त्यांच्या हाताखाली होता. त्याला त्यांनी सगळ्यांसमोर बोलून घेतलं. घरी येऊन जेवले नाहीत.

"तुम्ही चष्म्याचा नंबर तपासून घेता का?" मी विचारलं.

"नंबर बरोबर आहे. पेपर वाचतो की मी. बारीक अक्षरं वाचतो."

वाचत होते, हे खरं होतं. त्यामुळे मीही विषय सोडला.

मग कळलं की नदीकडच्या जुन्या वस्तीतलं एक थिएटर पाडणार आहेत. आधी तिथे नाटकं होत, नंतर सिनेमे लागू लागले. आम्ही नवे नवे सुरतेत आलो तेव्हा या शहरात आम्हाला कुणी ओळखत नव्हतं आणि भाडोत्री खोलीत पंखा नव्हता. त्या थिएटरात पंखे होते. एवढ्यासाठी आम्ही तिथे न कळणारी गुजराती नाटकंसुद्धा बघितली. बाल्कनीच्या दोन्ही अंगांना लाकडी कठड्यांचे बॉक्स होते, त्यांच्यावर पांढऱ्या वेली काढलेल्या, आणि मागची भिंत सगळी निळी. आजोबा तेव्हा धंद्यात नवीन होते. नाटक सोडून त्या भिंतीकडे बघत बसायचे. "हा बघ खरा चिंतामणी," म्हणायचे. "असा रंग एकदा तरी माझ्या हातून उतरला पाहिजे." पुढे तो उतरलाही. मास्टर म्हणून त्यांचं नाव झालं ते याच रंगावर.

तर पाडायच्या आधी त्याचे फोटो काढायचे म्हणून आम्ही एका रविवारी गेलो. खुर्च्या उपटून नेल्या होत्या. पडद्याच्या जागी नुसती चौकट होती आणि छताच्या एका भोकातून उन्हाचा पट्टा आत आला होता. म्हातारा रखवालदार किल्ल्यांचा जुडगा घेऊन आमच्यापुढे चालत होता. आम्ही जिना चढून बाल्कनीत आलो. आजोबांनी कॅमेरा डोळ्याला लावला, खाली घेतला, चष्मा पुसला आणि रखवालदारावर खेकसले.

"हे कुणी रंगवलं?"

"शुं, साहेब?"

"ही भिंत. निळी होती ही. पाडायचीच होती तर वर हा राखेचा हात कशाला मारला?"

रखवालदार गोंधळून माझ्याकडे बघू लागला. "कोईए हाथ नथी लगाड्यो, साहेब. एनी ए ज छे." कुणी हात लावलेला नाही, आहे तीच भिंत आहे, असं तो म्हणत होता. मग त्याने आपलं उपरणं भिंतीवर घासलं, वरची धूळ गेली आणि तिथे उन्हात निळा नुसता लखलखला.

आजोबांनी त्या पुसलेल्या जागेकडे बघितलं. पुढे जाऊन अगदी नाक लागेल इतक्या जवळून बघितलं. माझा हात धरून मला उन्हात आणलं आणि इतक्या वर्षांच्या संसारात कधी विचारलं नव्हतं ते विचारलं.

"तुला कसा दिसतो?"

मला त्या क्षणी सगळं एकदम कळलं. बांबू, मोर, माझं निळं तोंड, परत आलेल्या साड्या. खोटं बोलायचं मनात आलं. "हो, जरा राखाडी झालाय," एवढं म्हटलं असतं तर आम्ही घरी गेलो असतो, जेवलो असतो आणि सोमवारी ते पुन्हा दाराशी तुकडे घेऊन उभे राहिले असते. पण त्यांनी माझा हात धरून ठेवला होता. ज्याला उत्तर आधीच कळलंय तो माणूस कसा विचारतो ते तुम्हाला पुढे कधीतरी समजेल.

"चिंतामणी," मी म्हणाले. "होता तसाच आहे."

 त्यांनी कॅमेऱ्याचा पट्टा स्वतःच्या गळ्यातून काढून माझ्या गळ्यात घातला. "तूच काढ," म्हणाले, आणि पायऱ्यांवर जाऊन बसले. मी आधी कधी त्या कॅमेऱ्याला हात लावला नव्हता. काय फिरवायचं ते त्यांनी तिथूनच सांगितलं, "डावीकडे फिरव, काटा मध्ये आला की दाब." मी भिंत काढली, बॉक्स काढले, वेली काढल्या, रखवालदाराने पुसलेली जागाही काढली. रखवालदाराला फार वाईट वाटलं असावं. त्याने खालून कुठून तरी चहा आणला आणि आजोबांच्या हातात बशीसकट दिला.

परत येताना आम्ही नदीच्या कठड्याशी बसलो.  ते तापीकडे बघत म्हणाले, "मी त्या माणसाला सगळ्यांसमोर बोललो गं. त्याचा रंग बरोबर होता. मी पास केला तोच तुकडा चुकीचा होता." मग म्हणाले, "पेपर वाचता येतो म्हणून मला वाटलं डोळे ठीक आहेत. माझा डोळा गेला तर मी कोण? पेपर वाचण्यापुरता डोळा कारकुनाला पण असतो."

मी म्हटलं, "आधी डॉक्टरला दाखवू."

"आधी शेठला सांगतो," ते म्हणाले. "डॉक्टर काय म्हणेल त्यावर सांगायचं की नाही हे ठरवायला लागलो तर मी सांगणारच नाही."

या धंद्यात मास्टरच्या डोळ्याची शंका आली की ती बातमी उन्हात वाळत घातलेल्या कापडासारखी सगळ्यांना दिसते. दुसरा कारखाना घेत नाही. हे त्यांना माझ्याहून जास्त माहीत होतं. तरी सोमवारी ते गेले. शेठने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आंख तो बधानी पाके, मास्टर. पण आवीने कहे कोण?" डोळे सगळ्यांचेच पिकतात, पण येऊन सांगतो कोण? एवढं चांगलं बोलून मग त्याने धंद्याचंही सांगितलं: इलाज होईपर्यंत दुसरा मास्टर बघेल, नंतर तुम्हाला दिसेल तसं ठरवू. नोकरी आहे की नाही, हे त्या बोलण्यात कुठेच नव्हतं.

तिथून ते मशीनवर गेले आणि सगळ्यांसमोर बोलले होते तसे सगळ्यांसमोरच त्या धुळ्याच्या माणसाला म्हणाले, "चूक माझी होती. तुझा रंग बरोबर होता." तो इतका खजील झाला की हात पुसायला फडकं शोधू लागला. मग म्हणाला, "मास्तर, आमले वाटनं तुम्हीच खरं शेतस. मी ते मनाच डोया तपासी उनू!" मास्तरच खरे असं समजून, लिंबायतमध्ये डोळ्यांचं शिबिर होतं तिथे जाऊन तो स्वतःचेच डोळे तपासून आला होता. डॉक्टरने त्याला सांगितलं, तुझे डोळे उत्तम आहेत, उगाच रांग का वाढवतोस? हे ऐकून आजोबा हसले. घरी येऊन मला सांगतानाही हसले, आणि मग त्यांनी पाठ वळवून चष्मा पुसला.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. डॉक्टरांनी समजावलं ते असं: डोळ्यातलं भिंग हळूहळू पिवळट होत जातं. माणसाला अक्षरं दिसतात, चेहरे दिसतात, पण निळा मधल्यामध्ये अडतो. दोन वेगळे निळे एकच वाटतात, आणि उजेड कमी असला की निळा काळाच. आणि हे इतकं सावकाश होतं की ज्याचं त्याला कळत नाही. फक्त आठवणीतला निळा तेवढा जुना राहतो. म्हणजे आजोबा लॅबवाल्याशी भांडत होते ते आठवणीतल्या निळ्यासाठी.

आमच्या ओळखीतले लोक म्हणत होते, पूर्ण पिकू द्या, मगच काढा. डॉक्टर म्हणाले, थांबायची गरज नाही, आत नवं भिंग बसवता येतं. आजोबा ऑपरेशनला घाबरले नव्हते. नवं भिंग बसवल्यावरही निळा दिसला नाही तर, याला घाबरले होते. आदल्या संध्याकाळी मी त्यांना जेवायला वाढत होते, तर ताटातल्या पालकाकडे बघून म्हणाले, "हा तरी हिरवा आहे ना?"

"नाही, राणी आहे," मी म्हणाले.

"बरं झालं विचारलं," म्हणाले आणि जेवले.

आधी उजवा डोळा केला. पट्टी सोडली तेव्हा मी शेजारी उभी होते. नर्सने विचारलं, काका, काय दिसतं? त्यांनी डॉक्टरकडे बघितलं नाही, माझ्याकडेही नाही. खोलीच्या कोपऱ्यात फरशी पुसायची प्लास्टिकची बादली होती, तिच्याकडे बघत राहिले.

"अगं, ती बादली पाह्यली का?" ते म्हणाले. "काय निळी आहे ती!"

नर्सला हसू आवरेना. मला मात्र हसता आलं नाही. इतकी सुंदर बादली मी त्याआधी पाहिली नव्हती आणि नंतरही नाही.

पुढचे काही आठवडे धुळीत जायचं नाही, वाकायचं नाही, असे नियम होते. ते घरात बसून एक डोळा झाकायचे, मग दुसरा. पडदा, कॅलेंडर, माझी साडी. "या डोळ्याला पास, या डोळ्याला फेल." दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन त्यांनी चक्क लांबवलं, कारण जुन्या डोळ्याशी तुलना करायची सोय गेली असती. डॉक्टर वैतागले. तेव्हाच एके दिवशी त्यांनी हा अल्बम मागितला. पहिलं पान नव्या डोळ्याने बघितलं आणि इतके हसले की मला टाक्यांची काळजी वाटू लागली. "काय गं हे! तू तर विहिरीतून काढल्यासारखी दिसतेस. आणि तू हे गुपचूप चिकटवत बसलीस?"

"मास्टरांनी पास केलेले होते," मी म्हणाले.

त्यांनी पुढचं पान उलटलं.

लॅबवाल्याकडे ते स्वतः गेले, मिठाई घेऊन. त्याने सगळं ऐकून कपाळावर हात मारला आणि म्हणाला, निगेटिव्ह असतील तर सगळे पुन्हा काढून देतो, साहेब. आजोबा नको म्हणाले. मला वाटलं, भिडेने म्हणत असतील. पण घरी येताना रिक्षात त्यांनी सांगितलं, "फेल झालेला तुकडा फेकायचा नसतो. आम्ही तो खिळ्याला अडकवून ठेवतो. समोर असला म्हणजे पुढचा माणूस तीच चूक करत नाही."

दुसरा डोळा झाल्यावर शेठने बोलावलं. एकसारखे वाटणारे निळे तुकडे पुढ्यात टाकले आणि चहा पीत बसला. आजोबा ते घेऊन दाराशी गेले. तुकडे फिक्यापासून गडदपर्यंत क्रमाने लावून आणून ठेवले. शेठ म्हणाला, "काले आवी जजो." उद्या या. ते परत मास्टर झाले, पण एक गोष्ट बदलली. 'पास' म्हणायच्या आधी ते त्या धुळ्याच्या माणसाला हाक मारत आणि विचारत, "तुला कसा दिसतो?" घरी वांगी घेतानासुद्धा मला विचारू लागले. ते जाईपर्यंत विचारत होते.

थिएटर तोवर पाडून झालं होतं. ते बघायला म्हणून आम्ही गेलो, तर पत्र्याच्या कुंपणाआड नुसता खड्डा होता आणि त्यात पावसाचं पाणी. आजोबा कुंपणाच्या फटीतून बघत होते. त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात चांगला निळा होता तेव्हा त्यांना दिसला नाही, आणि दिसू लागलं तेव्हा तो उरला नव्हता. घरी येऊन त्यांनी अल्बमचं शेवटचं पान काढलं. त्या पानावर थिएटरात मी काढलेले फोटो आहेत. ते धुवायला मी एकटी गेले होते आणि लॅबवाल्याला म्हटलं होतं, "काही वाढवू नका. मला दिसतात तसे काढा."

पुसलेल्या भिंतीचा फोटो त्यांनी अल्बममधून सोडवला. जरा वाकडा आलाय तो, कोपऱ्यात रखवालदाराचं कोपर आहे. तो घेऊन ते आमच्या घराच्या दाराशी गेले, उजेडात तिरपा धरला आणि तिथेच उभे राहिले. मी पोळ्या करत होते. तवा उतरवून बाहेर आले.

"कसा दिसतो?" या वेळी मी विचारलं.

"पास," ते म्हणाले.

तर बाळा, तुझ्या कॉम्प्युटरवर मोर हिरवा कर, मला गोरी कर, बांबूंना हवं ते कर; पण ते तुझ्या प्रतीत. माझा अल्बम खिळ्याला अडकवलेला तुकडा आहे. आणि शेवटच्या पानाला तुझ्या प्रतीतसुद्धा हात लावू नकोस. ते दाराशी उजेडात नेऊन तपासलेलं आहे.